हिरव्या गाडीवरचा डाग

नाचणगावात विचाराल तर लोक सांगतील, पेंटरकाका, म्हणजे मी, खेळण्यातल्या मोटारी रंगवतात. हे साफ खोटं आहे. रंगवणारे दुसरेच असतात. कोणी पुण्याला, कोणी कोइमतूरला, एक तर बेल्जियममध्ये. जुन्या काळच्या शर्यतीच्या मोटारींची वीतभर लांबीची हुबेहूब नक्कल ही मंडळी करतात. त्या मोटारीला नेमका कुठला रंग होता, तिच्यावरचा आकडा किती जाड होता, पट्टा मधोमध होता की जरा डावीकडे सरकलेला, हे शोधून मी त्यांना कळवतो आणि ते आकडे-पट्टे पातळ कागदावर छापून देतो. पाण्यात भिजवून ते मोटारीवर सरकवायचे. शेजारच्या वासुदेवरावांना मी हे एकदा बैजवार समजावून सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे गाडी आता नाई, चालवणारा बुवा नाई, अन् तू तिचा रंग शोधून राह्यला. काऊन?"

या 'काऊन'चं, म्हणजे 'कशासाठी'चं, उत्तर मला तेव्हाही देता आलं नाही आणि आजही धड येत नाही. पण एक काम असं झालं की ते उत्तराच्या जवळपास गेलं. ते सांगण्याआधी धंदा थोडा समजावतो.

मी मूळचा पाट्या रंगवणारा. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागचं लिखाण, निवडणुकीत भिंती आणि तान्ह्या पोळ्याआधी लाकडी बैल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लहान पोरं लाकडी बैल सजवून मिरवतात. त्या बैलांचे डोळे काढायला माझ्याकडे पुलगावहून लोक येत. फ्लेक्स आले आणि पाट्यांचं काम बसलं. मग नागपूरचे एक गृहस्थ एक छोटी मोटार घेऊन आले. तिच्यावर त्यांना ब्रशने काढल्यासारखा आकडा हवा होता, कारण संगणकातला आकडा फार गुळगुळीत येतो. मी काढून दिला आणि सहज म्हणालो, "साहेब, फोटोतला सात काढणारा पेंटर डावखुरा असावा." ते खुर्चीत ताठ बसले. मी थोडा भाव खात होतो हे त्यांना कळलं नाही आणि मीही सांगितलं नाही. तिथून हा धंदा सुरू झाला.

या कामात पहिली गोष्ट शिकलो ती ही, की कोणाच्या आठवणीवर रंग ठरवायचा नाही. माणूस शपथेवर सांगतो की गाडी निळी होती, आणि निळा निघतो तो ड्रायव्हरचा शर्ट. दुसरी गोष्ट, जुन्या काळ्या-पांढऱ्या फोटोवर डोळे झाकून विश्वास ठेवायचा नाही. जुन्या काही फिल्मना लाल रंग दिसतच नसे, त्यामुळे लालभडक गाडी फोटोत कोळशासारखी येई आणि निळी पांढुरकी. संग्रहालयातल्या चकचकीत गाड्या तर सगळ्यात लबाड. त्यांना मधल्या काळात कोणीतरी आपल्या आवडीचा रंग फासलेला असतो. खरा रंग सापडतो तो जिथे ऊन पोचत नाही तिथे. स्क्रूच्या टोपीखाली, नंबरप्लेटच्या मागे, चामड्याच्या पट्ट्याच्या आत. तिथून नखाएवढा पापुद्रा मिळाला तरी मला दिवाळी.

गिऱ्हाइकं म्हणाल तर एकेक नमुना. बेल्जियमवाल्याने पिवळ्या पट्ट्याच्या रुंदीवरून माझ्याशी पावसाळाभर वाद घातला. मुद्दा केसाएवढ्या फरकाचा होता, आणि शेवटी त्याचंच बरोबर निघालं. मला चार दिवस जेवण गोड लागलं नाही. बंगलोरच्या एका तरुणाला आजोबांच्या गाडीची नक्कल हवी होती, पण तिच्यावर विजेत्याची माळ घालून. आजोबा त्या शर्यतीत अर्ध्यातच बंद पडले होते. मी म्हटलं, "माळ तुम्ही वरून घाला, माझ्या कागदावर ती छापली जाणार नाही." तो रागावून गेला आणि महिन्याभराने बंद पडलेलीच गाडी घेऊन गेला. माझा हेका असा की जे होतं ते लावायचं, जे नव्हतं ते लावायचं नाही. घरचे याला आडमुठेपणा म्हणतात. पाहुण्यांसमोर जरा सौम्य शब्द वापरतात.

तर शैलाताई. वर्ध्याच्या एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, माझ्याच वयाच्या, बोलणं पाठ्यपुस्तकासारखं स्वच्छ. त्या आल्या एक फोटो घेऊन.

"ही माझ्या वडिलांची गाडी," त्या म्हणाल्या. "लाल होती. दादांच्या जन्मशताब्दीला मला ती करून हवी आहे."

दादांचं घर समुद्रपूरकडचं, शेतकऱ्याचं. त्यांना शेतीपेक्षा इंजिनाचा नाद जास्त, म्हणून हिंगणघाटला ऑइल इंजिन दुरुस्तीचं वर्कशॉप टाकलं. लष्कराच्या लिलावातून एका जीपची चेसी आणली, मोडीतल्या कुठल्याशा मोटारीचं इंजिन तिच्यावर बसवलं, लोहाराकडून पत्रा ठोकून घेतला आणि शर्यतीची गाडी तयार केली. ती मालगाडीत चढवून कलकत्त्याकडे न्यायचे. तिथे जुन्या विमानतळाच्या धावपट्टीवर शर्यती होत. राजेरजवाडे, कंपन्यांचे साहेब आणि त्यांच्यात हा एक हिंगणघाटचा मेकॅनिक.

"नंबर आला का कधी?" मी विचारलं.

"शेवटून मोजा, म्हणायचे दादा." त्या हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. "एक सांगून ठेवते. आई माझ्याकडेच असते. तिच्यासमोर या गाडीचं नाव काढायचं नाही. तिनेच ती विकायला लावली."

पण त्यांनाच बोलायचं असावं.

"मी पाच-सहा वर्षांची होते. गाडी नेली तेव्हा दादा अंगणात खांबाला टेकून उभे होते, आणि आई आत भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज येत होता. एकदासुद्धा बाहेर आली नाही. पुढे कोणी विचारलं की दादा म्हणायचे, घरून नको म्हणतात. तेवढंच. मी आईला तेव्हापासून..." त्या थांबल्या. "तिचं सगळं मी करते. सावंगीच्या दवाखान्यात डोळ्यांसाठी नेते, औषध घालते. पण आमच्यात बोलणं म्हणाल तर औषध, भाजी आणि चहा, एवढंच."

फोटोत गाडी काळपट दिसत होती. लाल असू शकते, हिरवी असू शकते, काहीही असू शकते. मी माहिती काढली. विकत घेणाऱ्याला फक्त इंजिन आणि चाकं हवी होती. काढलेला पत्रा नंतर शेतावर येऊन पडला होता. शैलाताईंना घेऊन मी समुद्रपूरकडे गेलो. त्यांच्या चुलतभावाने, गजाननने, आम्हाला विहिरीवर नेलं. तिथे मोटारपंपावर पाऊस पडू नये म्हणून जे झाकण होतं, ते त्या गाडीचं बॉनेट. वर तांबडा गंज आणि पक्ष्यांची मेहेरबानी. पण बॉनेट आवळायच्या पट्ट्याचं बक्कल अजून पत्र्याला रिव्हेटने ठोकलेलं होतं. ते मी जपून उचकटलं. खाली नखाएवढा हिरवा रंग, काल दिल्यासारखा. ऑइल इंजिनांना देतात तो हिरवा. दादांनी वर्कशॉपच्या डब्यातलाच रंग गाडीला फासला होता.

शैलाताई म्हणाल्या, "नाही. लाल होती. मला चांगलं आठवतं."

गजानन म्हणाला, "बाई, बसाले होती ते गादी लाल होती. दादा तुले तिच्यावर बसवत, म्हून तुले लाल आठवते."

त्या बराच वेळ बॉनेटवर हात ठेवून उभ्या राहिल्या. येताना गाडीत एकच वाक्य बोलल्या, "मग हिरवाच लावा."

रंगाचा प्रश्न मिटला, आता खुणा. त्यासाठी कलकत्त्याच्या एका जुन्या संग्राहकाने दुसरा फोटो पाठवला. शर्यतीआधीचा, डाव्या बाजूने काढलेला. आकडा स्पष्ट, पट्टा नाही. पण बॉनेटच्या बाजूला, खालच्या अंगाला एक फिकट डाग होता. वरून फाटे फुटलेले, खाली एक ओघळ. संग्राहकाने लिहिलं, ते एरंडेल. शर्यतीच्या इंजिनात तेव्हा एरंडेल तेल घालत, ते उडतं, त्यावर धूळ बसते. मलाही पटलं. मी तेलाच्या डागाचा एक झकास छाप तयार केला, करडा-तपकिरी. सांगायला हरकत नाही, मी त्यावर बेहद्द खूश होतो. एवढा अस्सल तेलकटपणा मला पूर्वी कधी साधला नव्हता.

मध्ये पोळा आला. बैल विकल्यापासून वासुदेवराव पोळ्याला ट्रॅक्टर धुतात. मी ओट्यावर बसलो होतो. त्यांच्या सुनेने हार घातला, नारळ फोडला, परातीतल्या ओल्या हळदीत हात बुडवला आणि ट्रॅक्टरच्या बॉनेटवर दाबला. हात काढला, तशी तळव्याच्या खालून हळदीच्या पाण्याची एक धार ओघळली. वर पाच फाटे, खाली ओघळ.

मी उठलो तो सरळ आत. भिंग लावून फोटो पाहिला. माझी बायको कुसुम पुरणाचं ताट घेऊन मागे उभी. "पंजा आहे हा," मी म्हटलं. तिने वाकून पाहिलं. "बाईचा आहे. केवढासा आहे तो. अन् पाहा ना, किती खाली लावला. पुरुषमाणूस एवढ्या खाली कशाला लावंल?"

गाव सोडून लांब निघालेल्या गाडीला आमच्याकडे हळदीचा हात लावतात. नव्या नवरीच्या गाडीला लावतात, तीर्थाला निघालेल्या जीपला लावतात. घरधनीण लावते. आणि शैलाताईंच्या सांगण्यावरून दादांच्या घरात तेव्हा बाई एकच होती.

ही गोष्ट आनंदाची असायला हवी होती. मला मात्र घाम फुटला. कारण आता तो पंजा गाडीवर लावायचा म्हणजे शैलाताईंना सांगायचं की ज्या आईने गाडीचा काटा काढला असं तुम्ही आयुष्यभर धरून चाललात, तिने तिला ओवाळून पाठवलं होतं. दोन दिवस विचार केला की तेलाचा डागच राहू द्यावा. कोणाला कळणार आहे? पण बंगलोरच्या पोराला माळ नाकारणारा मीच. वर्ध्याला गेलो आणि सांगितलं.

शैलाताईंनी फोटो भिंगातून पाहिला. चेहरा दगडासारखा. "दुसऱ्या कोणाचाही असेल. शेजारीण असेल."

"असेल. विचारून घ्या."

"मी विचारणार नाही. आणि तो लावूही नका. गाडी साधीच करा."

"ताई, ज्या खुणेबद्दल मला माहीतच नाही ती राहिली तर राहिली," मी म्हटलं. "पण माहीत असून मला ती गाळता येत नाही. तुम्ही दुसऱ्या कोणाकडून छापून घ्या. फोटो, रंग, सगळं मी देतो." मी उठलोच होतो. खरं सांगतो, मला त्यांचा राग आला होता, आणि राग आल्याची लाजही वाटत होती. कोणाच्या घरात शिरून आपण कशाचा हट्ट धरतो आहोत?

तेवढ्यात आतल्या खोलीतून आवाज आला. "शैले, कोन आलं व? चहा देल्ला का त्यायले?"

शैलाताईंची माय भिंतीला हात लावत बाहेर आली. नव्वदीच्या घरातली, काटक, डोळ्यांपुढे धुकं. मी नमस्कार केला आणि शैलाताईंकडे पाहिलं. त्यांनी मान खिडकीकडे वळवली. ती हो होती की नाही, मला कळलं नाही. मी हो धरली.

"माय, मी नाचनगावचा पेंटर. दादाच्या शर्यतीच्या गाडीवर हळदीचा हात दिसते फोटोत. तो कोनाचा?"

मायच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला लिहिता येणार नाही. हसू होतं, पण फार दुरून आलेलं. "माह्या होय," ती म्हणाली. "दुसऱ्या कोनाचा असनार? मालधक्क्यावर न्याच्या आधी लावला. त्याईनं म्हटलं, रंग खराब होईल. म्या म्हटलं, होऊ द्या."

शैलाताई खिडकीकडे पाहत म्हणाल्या, "मग विकायला का लावलीस?"

रस्त्यावरून भाजीवाल्याची हाक गेली. मायने खुर्ची चाचपली आणि बसली.

"म्या नाई लावली. म्या त भांडली, इकू नका म्हून. तुह्या बापाच्या डोयात पोलादाची कपची गेलती, वर्कशॉपात. डावा डोया गेला. वरून चांगला दिसे, पन दिसत काई नव्हतं. एका डोयानं गाडी कशी पयवनार? अंतरच समजत नव्हतं त्यायले. मले म्हने, हे कोनाले समजलं त इंजन घेऊन कोन येईन माह्याकडं? मंग म्या म्हटलं, माह्यं नाव सांगा. बायको नाई म्हनते म्हना. बायकोचं नाव खराब झालं त वर्कशॉप बंद पडत नाई."

शैलाताईंनी तोंडावर हात धरला. हात काढून म्हणाल्या, "म्हणून ते पूर्ण मान वळवून बघायचे. मला नेहमी उजव्या बाजूला बसवायचे." मग एकदम चिडून, अगदी लहान मुलीसारखं, "आणि मला? मला कधी सांगितलं नाहीस? दादा गेल्यावर तरी?"

"कायले सांगू? तुले तुहा बाप लई मोठा होता. मले सोसत होतं, तं राहू देल्लं."

मी तिथून उठून व्हरांड्यात गेलो. अशा वेळी पेंटरचं घरात काही काम नसतं. डोळे माझेही भरले होते, आणि हे इथे लपवण्यात अर्थ नाही.

पंजाचा छाप करताना मी माझ्या आयुष्यात केली नसेल एवढी मेहनत घेतली. वाळलेल्या हळदीचा पिवळा हिरव्यावर कसा दिसतो ते पाहायला पत्र्याचे तुकडे रंगवून कुसुमकडून त्यांच्यावर हात लावून घेतले. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "आता भाजीत टाकाले हळद ठेवता का?" बोटांमधल्या फटी, अंगठ्याचा तिरपेपणा, खालचा ओघळ, सगळं फोटोबरहुकूम. शेंगदाण्याएवढ्या जागेत एका बाईचा अख्खा हात. कलकत्त्याच्या संग्राहकाला छाप पाठवला, तेव्हा त्याचं उत्तर आलं, "माझं एरंडेलाचं म्हणणं मी आनंदाने मागे घेतो."

पुण्याच्या रंगवणाऱ्याकडून तयार गाडी आली, ती घेऊन मी वर्ध्याला गेलो. जन्मशताब्दीला अजून अवकाश होता. शैलाताईंनी गाडी हातात घेतली, खिडकीपाशी नेली, उजेडात फिरवली. मग आईच्या मांडीवर ठेवली.

माय दोन्ही हातांनी गाडी चाचपू लागली. चाकं, सुकाणू, बॉनेटचा पट्टा. "हे बरोबर हाय," म्हणे. "हे बी." मग डाव्या बाजूला, खालच्या अंगाला अंगठा नेला. एकदा फिरवला, दोनदा फिरवला.

"इथं त काई लागत नाई हाताले," ती म्हणाली.

छाप जितका पातळ तितका चांगला, ही या धंद्याची शान. कडेवरून नख फिरवलं तरी लागू नये. इतके दिवस मी ज्याच्यासाठी जीव काढला ते बघायचं काम होतं, आणि जिचा हात होता तिला दिसत नव्हतं. घरी नेऊन रंगाचे थर चढवून आणतो, असं मी म्हणणार होतो. प्रमाण बिघडलं असतं, बेल्जियमवाल्याने तोंडात बोटं घातली असती, पण मी ते केलं असतं.

शैलाताई आईजवळ जमिनीवर बसल्या. त्यांनी मायचा अंगठा धरला आणि नेमका पंजावर ठेवला. इतक्या दिवसांत त्यांच्या तोंडून शाळेबाहेरची मराठी मी ऐकली नव्हती.

"आहे आई तिथं," त्या म्हणाल्या. "मी पाहून राह्यली ना."

मायने अंगठा तसाच राहू दिला. "मंग झालं," ती म्हणाली.